प्रोफेसर गिधाडाचा शेवटचा फुगा

प्रोफेसर गिधाडाच्या भूमिकेसाठी ग्रुपवर जी नावं आली, त्यांतली दोन माणसं वारलेली होती, एक निवृत्त क्रिकेटपटू होता आणि एक कोणाचा तरी सासरा होता. सासऱ्याचं नाव चुकून आलं होतं. जावयाला ते दुसऱ्या ग्रुपवर श्रद्धांजलीसाठी टाकायचं होतं. तरी फोटोत त्यांची मान लांब दिसत होती म्हणून त्यांना चार मतं पडली आणि काही काळ ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले.

ग्रुपचं नाव ‘कॅप्टन किरण परिवार’. कॅप्टन किरण हे कॉमिक बंद पडून जमाना झाला होता. कंपनी बुडाली, चित्रकार कुठे गेला ते कोणाला माहीत नाही, वाचणाऱ्या पोरांना टक्कल पडलं. पण आता त्यावर मोबाइलवर बघायची मालिका निघणार अशी बातमी आली आणि महाराष्ट्रभरची ही टकली पोरं कामधंदा सोडून एकाच प्रश्नाला लागली: गिधाड कोण करणार? किरण कोणीही करो, किरणला नुसती छाती लागते. गिधाडाला मान लागते, डोळे लागतात आणि बोलायची ढब लागते.

चिचबोडीच्या तलावात डोंग्यावर बसून निकेशने हे सगळं वाचलं. एका हाताने जाळं ओढत दुसऱ्या हाताने त्याने लिहिलं, ‘माझे वडील.’

सांगलीच्या एकाने लगेच विचारलं, ‘अभिनयाचा अनुभव?’

‘झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक. उभा जन्म.’

‘अरे वा! आवाज कसा आहे?’

निकेश त्या प्रश्नाकडे बघत राहिला. जाळ्यात एक मोठी मासोळी धडपडत होती. तिने तेवढ्या वेळात जाळं फाडलं आणि ती आपल्या वाटेने गेली. निकेशने मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि डोंगा काठाला लावला.

वडिलांचा, शालिकरामचा, आवाज गेल्या वर्षी नागपूरच्या दवाखान्यात काढून टाकला होता. गळ्यात गाठ होती. खर्रा आणि बिडी यांनी ती मिळून वाढवली होती. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्यासोबत आवाजाची पेटीही काढली आणि श्वास घ्यायला गळ्याला एक भोक ठेवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शालिकरामने डॉक्टरांना विचारलं होतं, “साहेब, पेटीच काढून घेता तं मंग पेटीमास्तरानं का करावं?” डॉक्टर पश्चिम महाराष्ट्रातले होते. त्यांनी फाइलमध्ये बघून सांगितलं की असा कोणी पेशंट वॉर्डात नाही. शालिकरामने तोंडाने केलेला तो शेवटचा विनोद, आणि तो पडला.

शालिकराम वडसाच्या नाटक कंपन्यांमध्ये खलनायक होता. दिवाळीनंतर धान निघालं की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईत नाटक होतं, आणि नाटकात शालिकराम कोणाची तरी इस्टेट लुबाडत असे. धानोऱ्यापासून चिमूरपर्यंत त्याने किती बहिणींची लग्नं मोडली आणि किती सासऱ्यांना विहिरीत ढकललं, याची मोजदाद नव्हती. एका गावात नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो केळी घ्यायला गेला, तर केळीवालीने त्याला झाडूने झोडपलं. दुसरी माणसं पदक दाखवतात तसा तो पाठीवरचा वळ दाखवायचा. “दम असल्याशिवाय कोनी मारत नाई,” म्हणायचा. उरलेल्या महिन्यांत तो तलावात मासे धरायचा आणि शेतातल्या दोन बांध्यांत धान लावायचा, पण ते तो खलनायकाच्या सुटीतलं काम समजायचा.

आता तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसे. गळ्याला पांढरं फडकं, मांडीवर पोरांची पाटी. पाटीवर तो ‘चहा’ लिही, ‘नाई’ लिही, बाकी काही नाही. ओठ मात्र हलवायचा. ते ओठ घरात एकट्या गिरजाला वाचता येत. बायकोच ती, नवरा तोंड उघडायच्या आधी काय म्हणणार हे तिला आवाज होता तेव्हाही कळत असे. निकेशला काही केल्या जमलं नाही. बापाने ‘पानी’ म्हटलं की तो पंखा लावायचा. ‘पंखा’ म्हटलं की बाहेर जाऊन कोण आलंय ते बघून यायचा.

कॅप्टन किरण चिचबोडीत आलं ते रद्दीतून. नथ्थूभाऊच्या किराणा दुकानात हळद-मिरचीच्या पुड्या बांधायला चंद्रपूरहून गठ्ठा आला, त्यात ही कॉमिकं होती. छापताना त्या गठ्ठ्याला लाल शाई लागलीच नव्हती, म्हणून तो रद्दीत गेलेला. पण चिचबोडीत हे कोणाला ठाऊक? कॉमिकमधल्या सगळ्या माणसांची तोंडं कावीळ झाल्यासारखी पिवळी होती. मारामारीत रक्त सांडायचं ते पांढरं. लहानपणी निकेशला वाटायचं की मार बसला की किरण दूध ओकतो. गिधाडाच्या गळ्यातला मफलर पांढरा. आणि गिधाडाचं बोलणं कंपनीने पिवळ्या फुग्यांत लाल अक्षरांनी छापलं होतं, म्हणजे गावाच्या वाट्याला आले ते नुसते पिवळे फुगे. रिकामे.

गावाने याचा आपल्या परीने अर्थ लावला. मंडईच्या नाटकात हिरो-हिरोइन कंपनीची येते आणि एखादा रोल गावातल्या हौशी माणसाला देतात. कॉमिकचंही तसंच असणार. किरणचे डायलॉग कंपनीने दिले, गिधाडाचे आपले आपण पाहायचे. आणि खलनायक तर गावात होताच.

धानाची रोवणी आटोपली की दुपारी शालिकराम घरापुढच्या सपरीत बसे आणि समोर पोट्टे. निकेश, अजय, दिव्यानी आणि बाकीचे सगळे. किरणची वाक्यं पोरांनी एका सुरात वाचायची, फुगे शालिकरामने भरायचे. एका चित्रात गिधाड खुर्चीला बांधलेल्या किरणपुढे वाकून काहीतरी म्हणतो. शालिकराम तसाच वाकायचा, डोळे बारीक करायचा आणि विहिरीच्या तळातून यावा तसल्या आवाजात विचारायचा, “किरण, तुयी माय जेवली का रे?”

“बकवास बंद कर, नीच माणसा!” पोरं वाचायची.

“तसं नाई बापा. सकाळपासून तू इथी बांधून हायस. थे वाट पाहून राह्यली असन.”

“तुझा डाव मी उधळून लावीन!”

“उधळ. पन आधी घरी सांगून ये.”

अशाने चिचबोडीची अख्खी पिढी गिधाडाच्या बाजूची झाली. किरण हा उद्धट मुलगा आहे, त्याला वडीलधाऱ्यांशी बोलायची रीत नाही आणि त्याच्या मायचं पुढे कठीण आहे, असं गावाचं पक्कं मत पडलं.

शेवटच्या अंकाचं नाव ‘गिधाडाचा अंत’. शेवटच्या पानावर प्रोफेसर दलदलीत बुडतो. नुसती मान वर, पांढरा मफलर, आणि डोक्यावर एक मोठा थोरला पिवळा फुगा. तिथे आलं की शालिकराम कॉमिक मिटून मांडीखाली घालायचा.

“सांगा ना, का म्हनते तो?”

“हे राखून ठेवलं हाय.”

“कायले?”

“सारंच सांगतलं तं उद्या कोन येईन मायाकडे?”

उद्या, पुढच्या पावसाळ्यात, मोठे झाले म्हणजे, असं करत पोरं खरोखरच मोठी झाली आणि फुगा रिकामाच राहिला.

अजय आता पेट्रोल पंपावर होता आणि पंपाच्या टाकीइतकाच भरला होता. दिव्यानीचं पोंभुर्ण्याला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. निकेश मासे विकून तिथे पोचला तेव्हा दोघं मोबाइलवर तोच ग्रुप उघडून डोकी घालून बसले होते, आणि कोणी गेल्यासारखे गप्प होते.

झालं होतं असं की निकेशने सकाळी ग्रुपवर लिहिलं, ‘गिधाड हा मुळात दुसऱ्याची काळजी करणारा माणूस आहे. त्याला नुसता दुष्ट दाखवू नये.’ सांगलीवाल्याने विचारलं, ‘भाऊ, तुम्ही नक्की कोणतं कॉमिक वाचलंय?’ आणि आपल्या संग्रहातल्या पानाचा फोटो पाठवला. खुर्चीला बांधलेला किरण, वाकलेला गिधाड. सगळं होतं, वर लाल रंगही होता. फुग्यात अक्षरं होती.

दिव्यानीने वाचून दाखवलं, “‘हा हा हा! आता तुझी हाडं मोडून त्यांचं सूप पिणार मी, किरण!’”

“सूप?” अजय म्हणाला.

“सूपच लिवलं हाय.”

“गिधाड सूप पेते?”

“आपला नाई पेत बे. हा पेते.”

“अन् मफलर पाह्य ना. लालभडक. जसा बरातीत चालला.”

निकेशने फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. सूप तिथेच होतं. “मंग किरण ‘बकवास बंद कर’ म्हनते थे...”

“बरोबरच म्हनते,” दिव्यानी हळूच म्हणाली. “आपनच त्याले इतके वर्ष शिव्या देल्या.”

एक बाई उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आल्या. दिव्यानीने सर्व्हर डाऊन आहे असं सांगितलं. सर्व्हर चालू होता. तिने धंद्यात ही थाप पहिल्यांदाच मारली.

“मंग त्या शेवटच्या फुग्यात का असन?” ती म्हणाली.

“नको इचारू,” निकेश म्हणाला.

“मी इचारलं,” अजय म्हणाला. “तुमी सूप-सूप करत होते तवाच.”

मोबाइल वाजला. दिव्यानीने पडद्यावर पंजा ठेवला. पण अजयची मान लहानपणापासून चोरून बघण्यासाठीच बनली होती. त्याने बोटांच्या फटीतून वाचलं आणि खाली बसला.

“का हाय?”

“‘मी परत येईन! हा हा हा हा!’”

“एवढंच?”

“चार वेळा हा.”

“अन् आला का परत?”

“कंपनी बुडाली ना बे.”

दिव्यानीने मोबाइल पालथा ठेवला. मग निकेश म्हणाला, “हा आपला डायलॉग नाई. आपला बाबाजवळ हाय. त्यायनं राखून ठेवला होता. मले तो पाह्यजे.”

“मंग माग ना. पाटीवर लिहून देतीन. घाई कायची हाय?”

घाईची गोष्ट निकेशने अजून कोणाला सांगितली नव्हती. आता सांगितली. गाठ परत आली होती. डॉक्टरांनी या वेळी फाइल मिटून बाजूला ठेवली होती आणि म्हणाले होते, घरी न्या, आवडीचं ते द्या.

अजयने शर्टाच्या बाहीने नाक पुसलं. “काकाले का आवडते?”

“टाळ्या,” निकेश म्हणाला.

त्या संध्याकाळी तो बापाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत जाऊन बसला. विचारलं, “बाबा, ‘गिधाडाचा अंत’ ध्यानात हाय का? शेवटच्या फुग्यात का म्हनते तो?”

शालिकरामने किती तरी दिवसांनी मान वळवली. पाटी घेतली, थुंकी लावून पुसली आणि लिहिलं, ‘स्टेजवर.’

“म्हंजे?”

ओठ हलले. निकेशने पंख्याकडे हात नेला. चुलीपासून गिरजा म्हणाली, “पंखा नाई म्हनत. म्हनते, डायलॉग काई सपरीत सांगाची चीज नाई. मंडईत स्टेज द्या, मंग सांगतो.” मग तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो ते, आणि ती उसळली. “येडा झाला का हा मानूस? पेजेची वाटी धरवत नाई अन् स्टेज पाह्यजे! आवाज कुठून आनशील? नथ्थूच्या दुकानातून?”

शालिकरामने पाटीवर लिहिलं, ‘पोरगा देईन.’

असं ठरलं. चिचबोडीच्या मंडईला कंपनीचं स्टेज दुपारीच उभं राहतं आणि नाटक रात्री असतं. मधला वेळ स्टेजवर कुत्री झोपतात. कंपनीच्या मालकाने शालिकरामचं नाव ऐकलं आणि कुत्र्यांची जागा दिली. अजय किरण झाला. पंपाची टोपी घालून तो आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, “किरणले छाती लागते. मायी थोडी खाली उतरली हाय.” दिव्यानी किरणची माय झाली. मूळ कॉमिकमध्ये किरणला माय नव्हतीच, तो अनाथ होता, हेही सांगलीवाल्याने कळवलं होतं. पण चिचबोडीचं किरणच्या मायशिवाय चाललं नसतं. तिने स्टेजच्या कोपऱ्यात रिकामी थाळी पुढ्यात घेऊन, न जेवता, नाटकभर बसून राहायचं होतं. दलदल तलावातून आली: जुनी फाटकी जाळी, त्यावर ओंजळी-ओंजळीने जलकुंभी.

निकेशला विंगेत बसवलं. एका हातात माइक, दुसऱ्या हातात पडद्याची दोरी. बाप ओठ हलवणार, आवाज तो देणार. सगळी वाक्यं तिघांनी मिळून आठवून पाठ केली होती. शेवटचं एक तेवढं नव्हतं. ते कसं द्यायचं, असं त्याने विचारलं तेव्हा शालिकरामने छातीवर हात ठेवला. म्हणजे, ते माझ्याकडे लागलं, असं. आणि पाटीवर आणखी एक ओळ लिहिली. ती निकेश लहानपणापासून ऐकत आला होता, कारण विंगेत दोरी धरायला बापाने शिकवलं तेव्हाची ती पहिली शिकवण होती: ‘टाळ्या वाजत असल तं पडदा पाडाचा नाई.’

मंडईच्या दुपारी माणसं जिलेबी खात, पाळण्याला रांग लावत फिरत होती. पडदा वर गेला तेव्हा समोर तीस-चाळीस डोकी असतील, त्यात पुढे बायकांच्या बाजूला, निकेशच्या विंगेसमोरच, गिरजा. काळा कोट घालून शालिकराम आला. मेकअपवाल्याने त्याचे गाल खोल दाखवायला काजळ काढलं होतं आणि पाहून पुन्हा आत ठेवलं होतं. मान तर आता कॉमिकपेक्षाही लांब दिसत होती. गळ्यात पांढरा मफलर. तो मफलर नव्हता हे सगळ्या गावाला माहीत होतं.

तो किरणपुढे वाकला. ओठ हलले. निकेशने माइक तोंडाशी नेला आणि त्याच्या घशातून काहीच निघालं नाही. शालिकराम तोंड उघडं ठेवून थांबला. अशा वेळी नवखा नट गांगरतो. शालिकरामने नुसती मान तिरकी केली, जणू प्रश्न इतका गहन आहे की विचारण्याआधी गिधाडालाही विचार करावा लागतोय. तेवढ्यात निकेशचा आवाज आला, फाटका, पण आला.

“किरण, तुयी माय जेवली का रे?”

आणि खालून कोणीतरी ओरडलं, “नाई जेवली! ते पाह्य, थाळी रिकामी हाय!”

मंडई हसली. पाळण्याची रांग मोडली. जिलेबीचे द्रोण घेऊन माणसं धावत आली. ज्यांच्या सपरीतल्या दुपारी त्या आवाजात गेल्या होत्या ते सगळे आले. अजय कपाळाला शिरा आणून ‘बकवास बंद कर’ म्हणाला, तर बायकांनी त्याला शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्या अंजनाबाईंनी दिव्यानीच्या थाळीत खरोखर दोन पुऱ्या आणून वाढल्या. शालिकरामची पाठ सरळ होत गेली. वर्षभर भिंत बघितलेले डोळे आता त्या गर्दीला घाबरवत होते, आणि गर्दी मनापासून घाबरत होती.

मग दलदल आली. किरणने ढकललं, गिधाड जाळ्यांत शिरला. गुडघे वाकवत उभ्यानेच तो बुडत गेला: हात जाळ्यांखाली गेले, कंबर गेली, छाती गेली. नुसती मान वर. सगळी मंडई चिडीचूप झाली. गावातल्या प्रत्येकाला तो पिवळा फुगा ठाऊक होता.

शालिकरामने प्रेक्षकांकडे पाहिलं नाही. त्याने तोंड विंगेकडे वळवलं, थेट निकेशकडे, आणि ओठ हलवले.

माइक गप्प होता. कोणालाच काही ऐकू आलं नाही, आणि सगळ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या. असल्या टाळ्या त्या स्टेजला कधी मिळाल्या नसतील. शिट्ट्या झाल्या, टोप्या उडाल्या, नथ्थूभाऊ रडायला लागला. शालिकरामने परत ओठ हलवले. तेच शब्द असावेत. टाळ्या आणखी वाढल्या. निकेश दोरी घट्ट धरून उभा होता आणि त्याचे डोळे वाहत होते. बाप त्याला देत होता ते वाक्य त्याला कळत नव्हतं, पण ते मिळालं होतं. टाळ्या वाजत असताना पडदा पाडायचा नाही. त्याने पाडला नाही. शालिकरामची मान हळूहळू, फार हळूहळू, खाली गेली आणि जलकुंभीत टेकली. खालून कोणी तरी म्हणालं, “काय मरते हा मानूस! वा!” टाळ्या थांबेपर्यंत निकेशने वाट पाहिली. मग पडदा पाडला.

जाळ्यांतून त्याला सोडवायला तिघं लागले. गुडघे वळून गेले होते, अंग तापलं होतं. घरी नेऊन निजवलं ते मग तो बसला नाही. पाटी उशाशी होती, पण खडू धरवत नव्हता. धानाची चुरणी व्हायच्या आधी, एका सकाळी गिरजा पेज घेऊन गेली तेव्हा तो गेलेला होता. भिंतीकडे पाठ करून.

शेवटी तो काय म्हणाला यावर गावात मतं पडली. नथ्थूभाऊचं म्हणणं, त्याने गावाचे आभार मानले. दिव्यानीच्या मते तो ‘आता जेव माय’ म्हणाला, कारण नजर तिच्या थाळीवरून गेली. अजयला वाटलं, अजयचं काम चांगलं झालं असं म्हणाला. निकेशने सगळ्यांचं ऐकून घेतलं. घरात मात्र त्याने विचारलं नाही. विचारलं तर जे काय असेल ते एकच राहील, याची त्याला भीती वाटत असावी.

तेरवी झाली. पाहुणे गेले. दलदलीची जाळी परत जाळी झाली होती आणि मायलेक सपरीत बसून त्यांची भोकं सांधत होते. सुतळीला गाठ मारता मारता निकेश म्हणाला, “आई, तू तं समोरच बसून होती.”

“हो.”

“बाबा स्टेजवर का म्हनले, तुले दिसलं का?”

गिरजाची बोटं थांबली नाहीत. “दिसलं.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“तू इचारलं काऊन नाई?”

तिने गाठ दातांनी ओढून घट्ट केली, धागा तोडला, आणि जाळं पुढे सरकवलं.

“म्हनले, पडदा पाड बापू. उभं राहवत नाई.”

निकेशच्या हातातलं जाळं तसंच राहिलं. सपरीसमोरून कोणाची तरी बैलगाडी गेली, गाडीवानाने ‘का चाललं निकेशभाऊ’ विचारलं, आणि निकेशने ‘काई नाई’ असं उत्तरही दिलं.

“दोनदा म्हनले,” गिरजा म्हणाली. थोड्या वेळाने परत म्हणाली, “टाळ्या वाजून राह्यल्या होत्या ना. तू तरी काय करशील.”

दोन-तीन दिवसांनी डोंग्यावर बसून त्याने ग्रुप उघडला. मालिकेवाल्यांनी अजून कोणाला घेतलं नव्हतं, वाद चालूच होता. सांगलीवाल्याला आठवण होती. ‘निकेशभाऊ, तुमच्याकडच्या गिधाडाचा शेवटचा डायलॉग सांगणार होतात. मिळाला का?’

निकेशने लिहिलं, ‘पडदा पाड बापू. उभं राहवत नाई.’

मग एकदम सुरू झालं. ‘बाप रे.’ ‘अंगावर काटा आला.’ ‘ओरिजिनलपेक्षा शंभर पट भारी.’ कोल्हापूरच्या एका प्राध्यापकाने मोठा परिच्छेद टाकला की खलनायक इथे नायकाला नव्हे, कथेलाच थांबायला सांगतो आहे, आणि ‘बापू’ या संबोधनात क्षमा आहे. कोणी विचारलं, हे लिहिलं कोणी? निकेशने लिहिलं, वडिलांनी. मतदान पुन्हा घेतलं गेलं. शालिकराम पहिला आला. सासरे चौथ्यावर गेले, आणि जावयाने त्यांच्या वतीने अभिनंदन केलं.

मग सांगलीवाल्याने लिहिलं, ‘माझी मालिकेच्या लोकांशी ओळख निघतेय. खरंच बोलू का? फक्त एक सांगा, वडिलांच्या तारखा मोकळ्या आहेत ना?’

जाळ्यात काहीतरी अडकून ओढ देत होतं. निकेशने ते तसंच राहू दिलं. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

‘सगळ्या मोकळ्या आहेत.’